ओरिजिनलराव आणि एक टिकमार्क

त्यांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं. परवाना काचेच्या चौकटीत, चौकट भिंतीवर आणि त्या भिंतीसमोर वजनाचा काटा. म्हणजे नाव वाचायचं तर आधी काट्यावर चढावं लागे. आपलं वजन चारचौघांत कळावं अशी हौस फार थोड्यांना असते, त्यामुळे बाकीची सगळी दुनिया त्यांना ओरिजिनलराव म्हणत असे.

बारसं गिऱ्हाइकांनीच केलं होतं. औषधाच्या दुकानात उभं राहून त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. खोकल्याचं औषध, मलम, बँडेज हे सगळं ते हसतमुखाने देत. वर "गरम पाणी प्या" असा सल्ला फुकट. पण मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्याला दोन कुलपं, आणि दोन किल्ल्यांपैकी एक गळ्यात तर एक कमरेला. जिवावरच्या दुखण्याची जालीम औषधं त्या कपाटात. योग्य माणसाच्या पोटात गेली तर अमृत आणि भलत्याच्या हाती पडली तर घरादाराचं वाटोळं. तिथे मात्र ओरिजिनलरावांचा चेहरा बदलायचा.

नियम असा होता. डॉक्टरने अशा औषधाची चिठ्ठी फॅक्सने पाठवली, तर औषध काढावं, मोजावं, लेबल लावून पिशवीत भरून ठेवावं. पण डॉक्टरच्या शाईच्या सहीचा मूळ कागद डोळ्यांसमोर आल्याशिवाय पिशवी हातातून सोडायची नाही. कागद आला की फॅक्सशेजारी ठेवून ताडून बघायचा, दोन्ही स्टेपल करायचे, रजिस्टरात लिहायचं, आणि मग पिशवी. जग कुठल्या कुठे गेलं, लोक मोबाइलवर लग्नं जमवायला लागले, पण औषधखात्याने फॅक्स काही सोडला नाही.

त्यामुळे दुकानात रोज एकच नाटक व्हायचं.

"फॅक्स आलाय ना तुमच्याकडे?"

"आलाय की."

"औषध तयार आहे?"

"ही काय पिशवी."

"मग द्या."

"ओरिजिनल?"

पिशवी हातभर अंतरावर. गिऱ्हाईक तिच्याकडे बघे, ओरिजिनलराव गिऱ्हाइकाकडे बघत, आणि शेवटी गिऱ्हाईक पाय आपटत निघून जाई. एकदा एक दाताचे डॉक्टर तावातावाने स्वतःच आले. म्हणाले, "अहो, तो फॅक्स मीच पाठवलाय. मी स्वतः तुमच्यासमोर उभा आहे. माझ्याहून ओरिजिनल काय असणार?"

ओरिजिनलरावांनी मान हलवली. "तुम्ही ओरिजिनलच आहात डॉक्टर, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्हाला स्टेपल मारून फायलीत ठेवता येत नाही."

डॉक्टर गेले, कागद घेऊन आले.

आता सही शाईचीच आहे, छापील नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी ओरिजिनलरावांनी स्वतःची एक तपासणी काढली होती. बोट ओलं करून सहीवरून फिरवायचं. शाई पसरली तर सही अस्सल. मोठी बिनतोड युक्ती. फक्त एक गोम होती. शाई पसरली की सही वाचता यायची नाही, आणि वाचता न येणाऱ्या सहीवर औषध देणं नियमात बसत नव्हतं. म्हणजे सही खोटी असेल तर कागद बाद, आणि खरी असेल तर तोही बाद. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. तोवर गावातल्या डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर दोन सह्या करायची सवय लावून घेतली होती, एक बोटासाठी आणि एक फायलीसाठी. पुढे ओरिजिनलराव फक्त सहीच्या शेपटावर बोट फिरवू लागले. पण हात कधी कधी घसरायचा.

हे असलं खूळ माणसाला आपोआप लागत नाही, कुणीतरी लावावं लागतं. ओरिजिनलरावांना ते आत्याने लावलं.

त्यांच्या वडिलांची बदली झाली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. "वर्षभर ठेवून घे याला" म्हणून आईवडिलांनी त्यांना आत्याकडे सोडलं, आणि ते वर्ष अजून संपलेलं नव्हतं. आत्या मुलींच्या शाळेत हेडक्लार्क. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "लेखी अर्ज कुणाचाच आला नाही." अर्ध्या गावाच्या दाखल्यांवर तिची सही होती. घरातही कारभार तसाच. ताप आलाय म्हणून चालायचं नाही, थर्मामीटर दाखव. पास झालो म्हणून चालायचं नाही, मार्कशीट दाखव. खेळायला जायचंय तर चिठ्ठी लिही, किती वाजता परत येणार ते लिही, खाली सही कर. बाहेर ज्यांना लोक दबकून असायचे त्या बावन्न वर्षांच्या ओरिजिनलरावांना ती अजून "गुंड्या" म्हणून हाक मारत असे, आणि ते "आलो" म्हणून जात असत.

घरात तीन माणसं. ओरिजिनलराव, त्यांची बायको आणि आत्या. बायको टपालखात्यात होती, शहाणी होती आणि दोन रजिस्टरबहाद्दरांच्या मधोमध पंचवीस वर्षं टिकली होती, यावरून काय ते समजा.

तर एकोणऐंशीव्या वर्षी ही आत्या स्टुलावर चढली. कारण काय, तर सुनेने पुसलेल्या पंख्याच्या एका पात्याचा तिला संशय आला. पातं स्वच्छच होतं, हे तिने खाली पडता पडता बघितलं आणि नंतर कबूलही केलं. खुब्याचं हाड मोडलं. पट्टी बसवली, स्क्रू मारले आणि दहा दिवसांनी तिला घरी आणली. दुखणं असं, की कूस बदलताना आत्यासारखी बाईसुद्धा पांढरी पडायची. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या त्या नेमक्या दोन कुलपांच्या कपाटातल्या. दर आठवड्याला नवी चिठ्ठी, संध्याकाळी सातला एक गोळी आणि सकाळी एक.

पहिल्या आठवड्यात फॅक्स चारला आला. ओरिजिनलरावांनी गोळ्या मोजल्या, पिशवी भरली, लेबलवर आत्याचं नाव लिहिलं आणि पिशवी परत कपाटात ठेवून हात हलवत घरी आले.

"गोळ्या?" बायकोने विचारलं.

"तयार आहेत."

"कुठायत?"

"दुकानात."

"अहो, का?" असं विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. तिने स्कूटर काढली. दवाखाना गावाच्या त्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, बत्तीस पायऱ्या, आणि लिफ्टवर 'बंद आहे' ही पाटी लिफ्टइतकीच जुनी.

पलंगावरून आत्या म्हणाली, "बरोबर आहे गुंड्याचं. कागद म्हणजे कागद." मग कूस बदलायला गेली आणि "आई गं" असं ओरडली, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ओरिजिनलराव दाराला टेकून उभे होते. आत्याचं दुखणं त्यांना बघवत नव्हतं आणि नियम मोडवत नव्हता. त्या तासाभरात त्यांनी स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या गिऱ्हाइकांनी सत्तावीस वर्षांत घातल्या नसतील.

दुसऱ्या आठवड्यात बायको हुशार झाली. फॅक्स निघायच्या आधीच ती दवाखान्यात जाऊन मूळ कागद घेऊन आली आणि विजयी मुद्रेने काउंटरवर ठेवला. ओरिजिनलरावांनी बोट ओलं केलं. "अहो, नको," ती म्हणेपर्यंत हात घसरला. डॉक्टरांची सही पसरली आणि तिचा निळा ढग झाला.

दोघंही त्या ढगाकडे बघत राहिले. मग बायको पुन्हा बत्तीस पायऱ्या चढली.

या दुसऱ्या चढाईत काय झालं ते ओरिजिनलरावांना माहीत नव्हतं. बायकोने दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसकण मारली आणि तिथल्या बाईंपुढे मन मोकळं केलं. "काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या आदल्या दिवशी या माणसाने माझ्या जन्मदाखल्याची मूळ प्रत मागितली होती. झेरॉक्स चालेना. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं हो." रिसेप्शनवाल्या बाई मोठ्या मायाळू. त्यांनी पाणी दिलं, कागद दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी नका येऊ काकू. मी करते काहीतरी."

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, सव्वापाचला फॅक्स घुरघुरला.

ओरिजिनलरावांनी कागद फाडून घेतला आणि सवयीने वरून खाली वाचू लागले. नाव बरोबर. औषध बरोबर. गोळ्यांचा आकडा बरोबर. खाली एक छोटा चौकोन होता, नेहमी रिकामा असणारा. आज त्यात टिक होती.

त्या चौकोनापुढे बारीक अक्षरात छापलेलं असे: 'शेवटच्या अवस्थेतील रुग्ण. मूळ कागदाची आवश्यकता नाही.' एवढा कडक नियम, पण त्यातही ही एक मऊ जागा होती. ज्याचे थोडे दिवस उरलेत, त्याच्या घरच्यांना कागदासाठी पळवू नये, त्यांना त्याच्यापाशी बसू द्यावं. डॉक्टरने टिक केली की फॅक्स हाच मूळ कागद. असा फॅक्स ओरिजिनलरावांकडे आजवर पंधरा-सोळा वेळा आला असेल. त्या प्रत्येक वेळी त्यांनी काही न विचारता दोन्ही हातांनी पिशवी दिली होती आणि माणूस गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन उगाचच बाटल्या पुसल्या होत्या.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टिक तिथेच होती.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फोनवर त्याच मायाळू बाई. आता सरळ विचारावं की नाही? पण 'आमची आत्या जाणार का' हे वाक्य काही तोंडातून निघेना.

"ती... खाली चौकोनात टिक आहे," ते कसेबसे म्हणाले. "ती मुद्दाम केलीय का?"

"हो हो, मुद्दामच!" बाई खुशीत म्हणाल्या. "तुमच्या मिसेसशी बोलणं झालंय माझं."

"तिला... माहितेय?"

"अहो, त्यांच्यासाठीच तर केलं. किती दमल्या होत्या बिचाऱ्या. रडायच्याच बाकी होत्या."

"आणि डॉक्टर?"

"सही त्यांचीच आहे की. आता तुम्ही अजिबात काळजी करू नका हं. लवकरच संपेल हो सगळं."

बाईंना म्हणायचं होतं की दुखणं संपेल. ओरिजिनलरावांनी फोन ठेवला आणि ते स्टुलावर बसले. म्हणजे बायकोला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. रिसेप्शनपर्यंत बातमी होती. एकट्या गुंड्यालाच कुणी सांगितलं नव्हतं, कारण गुंड्याला झेपणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. आणि खरंच झेपत नव्हतं. गोळ्या मोजताना ते तीनदा चुकले. रजिस्टरात सही केली तर ती स्वतःचीच त्यांना ओळखू येईना. मग त्यांनी दुकानाचं शटर वेळेच्या दीड तास आधी ओढलं, तेव्हा समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांची पिशवी, दोन नव्या उशा, एक ट्रान्झिस्टर आणि सफरचंदं असा सगळा ऐवज होता.

"आणल्या गोळ्या?" बायको आनंदाने म्हणाली. "बघा, झालं की नाही फॅक्सवर काम? उगाच जिवाला घोर."

ओरिजिनलरावांनी तिच्याकडे बघितलं. काय ही बाई! एवढं ओझं मनात ठेवून हसतेय. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. पंचवीस वर्षांत नवऱ्याने डोक्यावर हात ठेवल्याची ही पहिलीच वेळ. तिने आरशात जाऊन केसांना काही लागलंय का ते बघितलं.

आत्या पलंगावर टेकून वर्तमानपत्रातल्या चुकांखाली लाल रेघा मारत होती. ओरिजिनलरावांनी गोळ्यांची बाटली तिच्या उशाशी ठेवली, पाठीमागे उशा लावल्या, ट्रान्झिस्टर सुरू केला, बंद केला आणि पायाशी बसून तिचे तळवे चोळू लागले.

"काय रे?" आत्या म्हणाली.

"काही नाही."

"दुकान?"

"असू दे दुकान."

आत्याने लाल पेन खाली ठेवलं. दुकान असू दे असं गुंड्या म्हणाला म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. पण तिने घाई केली नाही. शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला माहीत असतं, की पोर गप्प बसलं की आपणही गप्प बसावं, ते आपणहून बोलतं.

आणि ते बोललं. "आत्या, एक सांगायचंय. सातवीत असताना... सहामाहीला गणितात एकतीस मार्क पडले होते. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागत होती. ती मी केली."

"माझी सही?"

"हो."

"तू केलीस?"

"हो." ते पुन्हा तळवे चोळू लागले. "मी सत्तावीस वर्षं लोकांना ओरिजिनल मागतोय, आणि मी स्वतः..."

आत्याने लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "वर्गशिक्षकांनी ते पुस्तक घेऊन मला बोलावलं होतं."

ओरिजिनलरावांचे हात थांबले.

"म्हणाले, बाई, ही सही तुमचीच ना? सही वेडीवाकडी होती आणि तिच्यावर शाईचा डाग पडला होता. मी म्हटलं, माझीच आहे, तेव्हा हात दुखत होता." तिने चादर नीट केली. "जन्मात एकदा खोटं बोलले कागदाच्या बाबतीत. तुला शाळेतून काढलं असतं रे त्यांनी."

मग मात्र ओरिजिनलरावांचा बांधच फुटला. आत्याच्या पायांवर डोकं ठेवून ते ढसाढसा रडू लागले, आणि त्या धक्क्याने आत्याच्या खुब्यातून अशी कळ गेली, की तिने वर्तमानपत्राची घडी करून त्यांच्या डोक्यात हाणली.

"मेल्या, हाड आहे तिथे! आणि हे चाललंय काय? उशा, सफरचंदं, पाय चोळणं, रडारड... मी मरतेय का?"

खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी तिच्या पाठीमागची उशी पुन्हा नीट केली.

"कोण म्हणतं?"

"फॅक्स," ओरिजिनलराव हुंदका देत म्हणाले.

"कुठाय?"

त्यांनी खिशातून घडी काढून दिली. खरं तर तो फायलीत हवा होता, पण आज तो फायलीत लावायला हात धजावला नव्हता. आत्याने वाचायचा चष्मा लावला. आपल्या मरणाचा कागद तिने रजेचा अर्ज तपासावा तसा तपासला, वरून खाली आणि मग पालथा करून.

"तारीख आहे. जावक क्रमांक नाही. आणि सहीची नुसती छाया आहे ही." तिने कागद त्यांच्या अंगावर टाकला. "ओरिजिनल आण. फॅक्सवर मी मरायची नाही."

नेमकी तेव्हाच बायको चहा घेऊन आली. "कोण मरतंय?"

"मी," आत्या म्हणाली. "तुला म्हणे माहीत आहे."

"मला?"

"रिसेप्शनवाल्या बाईंशी बोलणं झालंय म्हणे तुझं."

बायकोने ट्रे ठेवला, कागद उचलला, चौकोन बघितला, चौकोनापुढची बारीक अक्षरं वाचली आणि मटकन खुर्चीत बसली. मग तिने दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मायाळू बाई आधी हसल्या, मग बहुतेक त्यांनीही ती अक्षरं पहिल्यापासून वाचली, कारण पुढे नुसतं "अगं बाई, अगं बाई" एवढंच ऐकू येत राहिलं. त्यांनी ओळीचा उत्तरार्धच वाचला होता. मूळ कागदाची आवश्यकता नाही, हे वाचून त्यांना वाटलं, की इतके दिवस ही सोय होती आणि कुणी वापरलीच नाही! मग डॉक्टर फोनवर आले. पंचवीस चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर न बघता सह्या केल्याचं त्यांनी कबूल केलं आणि वर म्हणाले, "अहो, त्यांचं हाड छान जुळतंय. त्या आपल्या सगळ्यांना पोचवून येतील."

"स्पीकरवर आहात," आत्या म्हणाली. डॉक्टरांनी फोन ठेवला.

ओरिजिनलराव उभे राहिले. हसावं का रडावं ते कळत नव्हतं म्हणून दोन्ही करत होते. आत्या जगणार होती. आत्या जगणार होती! त्या आनंदात ते खोलीत एक गिरकी घेणार होते, तेवढ्यात त्यांची नजर उशाशी असलेल्या बाटलीवर गेली. घड्याळात सातला दहा कमी होते.

आत्या शेवटच्या अवस्थेत नाही. म्हणजे टिक चुकीची. म्हणजे फॅक्स हा मूळ कागद नाही. म्हणजे या गोळ्या...

"खबरदार!" बायको ओरडली. तिने नवऱ्याचा चेहरा वाचला होता. "सातची गोळी आहे त्यांची. हात लावून बघा बाटलीला!"

ओरिजिनलरावांनी आत्याकडे बघितलं. तिचे ओठ आवळलेले होते. कळ वाढत चालली होती हे तिच्या कपाळावरच्या घामावरून दिसत होतं. मघाचे सगळे अश्रू परवडले, पण ही घटका नको असं त्यांना झालं. त्यांना बाटली उघडून एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायची होती. मनापासून ठेवायची होती. त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला.

आत्याने बाटली उचलली आणि त्यांच्या हातात कोंबली. "घे. एकदा मी तुझ्यासाठी कागदावर खोटं बोलले, ते दोघांना पुरे. पण चालत जाऊ नकोस, पळ."

ओरिजिनलराव पळाले. घरात घालायच्या चपलांवर, खिशात खुळखुळणारी बाटली, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. स्कूटर बायको चालवायची, त्यांना येत नव्हती, आणि बायकोला आत्यापाशी थांबणं भाग होतं. बत्तीस पायऱ्या त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. सत्तावीस वर्षं लोकांना ज्या पायऱ्यांवर पाठवलं, त्या एवढ्या उंच असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. बाराव्या पायरीवर छाती भरून आली, विसाव्या पायरीवर त्यांनी मनातल्या मनात दाताच्या डॉक्टरांची माफी मागितली, आणि बत्तिसाव्या पायरीवर मायाळू बाई पाण्याचा ग्लास घेऊन उभ्याच होत्या, डोळे लाल.

"माफ करा हो. मी तुमची सोय बघायला गेले."

"असू द्या," ओरिजिनलराव धापा टाकत म्हणाले. "माझ्यामुळेच बघावी लागली."

डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली, प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून आणि खाली चांगली ठसठशीत सही करून. ओरिजिनलरावांनी कागद घेतला. सहीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. खालच्या चौकोनाकडे त्यांनी बघितलं. चौकोन रिकामा होता. त्यांनी तो पुन्हा एकदा बघितला, आणि जिना उतरताना तिसऱ्यांदा.

मग दुकान उघडलं, रजिस्टरातली आधीची नोंद लाल शाईने रद्द केली, चूक कुठे झाली ते चार ओळींत स्वतःच्या नावावर लिहिलं, नवी नोंद केली, कागद टाचले. आत्याच्या तळहातावर गोळी पडली तेव्हा सात वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. ती पाणी प्यायली, तिने डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने कपाळ कोरडं झालं. ओरिजिनलराव तोवर तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उशांना टेकून बसली होती. चेहऱ्यावर रंग आला होता.

"गुंड्या, तुझ्या दुकानात तक्रारवही असते ना?"

"असते."

"कोरी?"

"दोन तक्रारी आहेत."

"आण."

त्यांनी आणून दिली. आत्याने तारीख घातली आणि लिहायला घेतलं. अक्षर थोडं थरथरत होतं, पण समास सरळ होता. अर्ध्या तासाने तिने वही पुढे केली. ओरिजिनलराव उभ्या उभ्या वाचू लागले:

'सदर दुकानदाराने काल माझे औषध बेचाळीस मिनिटे उशिरा दिले. तसेच मी मरणार असल्याची बातमी कोणतीही खातरजमा न करता माझ्याच पायाशी बसून पसरवली. सबब लेखी समज देण्यात येत आहे. पुढील आठवड्यात हीच चूक पुन्हा आढळल्यास वरिष्ठांकडे कळवण्यात येईल. त्यापुढील प्रत्येक आठवड्यात मी सदर इसमावर जातीने लक्ष ठेवणार आहे, याची नोंद घ्यावी.'

ओरिजिनलरावांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला गेले, पण अक्षरं दिसेनाशी झाली.

"रडतोस काय?" आत्या म्हणाली. "समज मिळाली म्हणून खाली सही कर."

त्यांनी डोळे पुसले आणि सही केली.